मैदानावर पेव्हर ब्लॉक घालण्यापूर्वी

प्रति,
तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांतल्या हायस्कुलांचे संस्थाचालक, शालेय समित्यांचे सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

सध्या शाळांच्या सुवर्णमहोत्सवांचे आणि माजी विद्यार्थी मेळाव्यांचे दिवस आहेत. जुन्या तुकड्या जमतात, फेटे बांधले जातात, सत्कार होतात आणि भाषणांत गणित-इंग्रजीपेक्षा मैदानाचाच विषय जास्त निघतो. तालुक्याला जिंकलेली ढाल, लाल एस.टी.तून जिल्ह्याला गेलेला खो-खोचा संघ, डब्यातले शेंगदाणे आणि गूळ, सोललेले गुडघे. वातावरण भारावतं, निधी जमतो. मग त्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान उभी राहते, व्यासपीठाला फरशी बसते आणि उरलेल्या पैशांत मैदानावर पेव्हर ब्लॉक येतात. ज्या मैदानाच्या आठवणीने खिशात हात गेले, तेच मैदान त्या पैशांनी बुजतं. आमचं पत्र त्यासाठी आहे.

आम्ही वेगवेगळ्या तालुक्यांत शारीरिक शिक्षणाचे तास घेतलेली, आता निवृत्त झालेली मंडळी आहोत. आठवणी तुमच्यापाशी भरपूर आहेत, त्यांत आम्ही भर घालत नाही. ते मैदान कशाचं बनलं होतं, ते कोण राखायचं, कशाने बिघडायचं आणि आज पुन्हा उभं करायला काय लागेल, तेवढं लिहितो.

आधी जागेचं बोलू, कारण ‘आमच्याकडे जागाच नाही’ हे पहिलं उत्तर असतं. खो-खोचं जुनं मैदान २९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. आता ते २७ बाय १६ झालं आहे. भोवताली दीड-दीड मीटर मोकळं सोडलं तरी जुन्या मापालासुद्धा सहा गुंठे पुरतात. मुलग्यांच्या कबड्डीचं मोठं मैदान १३ बाय १०, लहान गटांचं आणि मुलींचं त्याहून छोटं. बाजूला चार-चार मीटर सोडून त्याला चार गुंठे. म्हणजे दहा गुंठ्यांत दोन्ही मैदानं बसतात. धावण्याच्या २०० मीटरच्या मार्गाला मात्र, चारच पट्टे आखायचे म्हटले तरी, साधारण ९० बाय ५० मीटर जागा लागते, म्हणजे ४५ गुंठे. ती सगळ्यांकडे नसते, हे मान्य. पण दहा गुंठे बहुतेक जुन्या हायस्कुलांकडे आहेत, आणि आज नेमके तेच दहा गुंठे ‘चिखल होतो’ म्हणून ब्लॉकखाली चालले आहेत.

चिखल होतो तो जमिनीच्या जातीमुळे आणि उतार नसल्यामुळे. देशावर आणि विदर्भात मूळ जमीन काळी असते. ती भिजली की बुटाला किलो-किलो चिकटते आणि वाळली की भेगाळते. अशा जमिनीवर नुसता मुरूम पसरला तर दुसऱ्या पावसाळ्यात काळी माती वर येते आणि मुरूम खाली बसतो. म्हणून आधी किमान फूटभर काळी माती उचलायची. ती शाळेच्या बागेला घाला, नाहीतर शेतकरी आनंदाने नेतात. त्या जागी जाडा मुरूम १५ सेंटिमीटर, पाणी मारून, रोलर फिरवून पक्का बसवायचा. त्यावर चाळलेला बारीक मुरूम आणि पोयट्याची किंवा तांबडी माती मिसळून १० सेंटिमीटरचा थर द्यायचा. चाळणी वाळूची चालते, पण बारीक जाळीची घ्या. बोराएवढा खडा सुटला तरी तो सूर मारणाऱ्या मुलाच्या कोपरात जाणार. कोकणात उलट परिस्थिती. तिथली जांभ्याची माती पाणी चटकन सोडते, पण खडे फार, म्हणून तिथे सगळी मेहनत चाळणीवर.

हिशेब करून देतो, म्हणजे ठेकेदाराशी बोलणं सोपं जाईल. भोवतालच्या मोकळ्या पट्ट्यासह खो-खोची जागा ३२ बाय १९ मीटर, म्हणजे ६०८ चौरस मीटर. वरचा १० सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ६१ घनमीटर, म्हणजेच साडेएकवीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर माती बसते, म्हणून पंचवीस ते सत्तावीस ब्रास मागवा. जाड्या मुरमाचा हिशेब याच पद्धतीने, दीडपट धरा. गौण खनिजाची रॉयल्टी भरलेल्याच ट्रॉल्या घ्या आणि पावत्या दप्तरी ठेवा, नाहीतर नंतर तहसील कार्यालयाच्या नोटिशीला उत्तरं मुख्याध्यापकांना द्यावी लागतात. तुमच्या भागातला ब्रासचा भाव विचारा आणि तो आकडा पेव्हर ब्लॉकच्या कोटेशनशेजारी मांडून बैठकीत ठेवा. पुढची चर्चा बरीच छोटी होईल.

उताराकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. मैदान पाटासारखं सपाट केलं की पाणी साचतंच. खो-खोची मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला उभा पट्टा, दोन्ही कडांपेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच ठेवायची. खेळताना तो फरक कळत नाही, पण पाणी मात्र बरोबर कडेला निघून जातं. भोवती फूटभर रुंद चर काढून तो गटाराला किंवा झाडांच्या आळ्यांना जोडा. शालेय स्पर्धांचा तालुका फेरीचा हंगाम पावसाळ्यात किंवा त्याच्या लगोलग येतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी मैदान खेळायला मिळालं पाहिजे. या उताराने आणि चराने ते मिळतं.

रोलर. जुन्या शाळांच्या मागच्या बाजूला दगडी रोलर गवतात पडलेला असतो, तो शोधा. त्याचा दांडा सुतार-लोहाराकडून नीट करून घ्या. रोलर कधी फिरवायचा, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावं लागत नाही: वापसा आल्यावर. ओली माती रोलरला चिकटून पापुद्रे निघतात आणि कोरड्या मातीवर फिरवला तर नुसती धूळ उडते, माती दबत नाही. संध्याकाळी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी मूठभर माती दाबून बघायची. लाडू वळला आणि हाताला ओल लागली नाही, की फिरवायला घ्या. एवढ्या जागेवर चौरस मीटरला तीन लिटर धरले तरी अठराशे लिटर पाणी लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे नऊ पिंप. माण, खटाव, जतसारख्या भागांत हे पाणी कुठून आणायचं हा प्रश्न खरा आहे. शालेय पोषण आहारानंतरच्या हात धुण्याच्या पाण्याची मोरी एका टाकीला जोडली तर आठवड्यात बरंच साठतं. आणि एक: रोलर नेहमी ओढायचा, ढकलायचा नाही, आणि उतारावर मुलांच्या हाती मुळीच द्यायचा नाही. दांड्याजवळ मोठा माणूस हवा.

आता आखणी. यात शाळांची सगळ्यात जास्त चूक होते, कारण चार कोपरे अंदाजाने धरले जातात. काटकोन दोरीने काढायचा. एका कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर, आणि त्या दोन टोकांतलं अंतर बरोबर ५ मीटर भरलं की कोन काटकोन झाला. मग पडताळणी कर्णाने: २९ बाय १६ च्या मैदानाचा कर्ण ३३.१२ मीटर भरला पाहिजे, दोन्हीकडून. कबड्डीच्या १३ बाय १० चा १६.४० मीटर. कर्ण जुळले नाहीत तर फक्कीला हात लावू नका. मापाला सुती दोरी घेऊ नका. ती भिजली की आखडते, ओढली की ताणते. पोलादी टेप किंवा तार घ्या.

खो-खोच्या आतल्या मापांचा ताळा नववीच्या वर्गाला गणित म्हणून घालण्यासारखा आहे. जुन्या मैदानात दोन खांबांच्या रेषांमध्ये २३.५० मीटर. त्यात ३० सेंटिमीटरच्या आठ आडव्या पाट्या, म्हणजे २.४० मीटर. पाट्यांमधली सात अंतरं २.३० मीटरची, म्हणजे १६.१०. खांबापासून पहिल्या पाटीपर्यंत दोन्हीकडे २.५० प्रमाणे ५ मीटर. बेरीज २३.५०. उरलेले दोन्ही टोकांचे २.७५ मीटर म्हणजे मोकळं क्षेत्र. नव्या मापात खांबांमधलं अंतर २४ मीटर आणि टोकाला दीड-दीड मीटर, पाट्याही थोड्या रुंद. स्पर्धेला जाणाऱ्या मुलांना नव्या मापावरच सराव द्या, कारण सराव मोठ्या मोकळ्या क्षेत्रावर झालेला असला की खांबावर वळताना स्पर्धेत मुलगा थेट रेषेबाहेर जातो. जुन्या मापावर सगळ्या रेषा मिळून सव्वाचारशे मीटरच्या आसपास भरतात. म्हणून दर सोमवारी पूर्ण मैदान आखायचा उत्साह तीन आठवड्यांत संपतो. पाट्यांच्या टोकांना जमिनीच्या खाली दोन बोटं जातील अशा लाकडी खुंट्या कायमच्या ठोकून ठेवा, वर माती घाला. पुढच्या वेळी त्या उकरून दोरी लावली की तासाभरात आखणी होते. लोखंडी खुंटी वर राहता कामा नये. फक्की म्हणून कळीचा चुना वापरू नका. तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो आणि घामेजल्या कातडीवर चट्टे उठतात. खडूची पूडच घ्या.

खांबाकडे जरा जास्त वेळ थांबतो, कारण खो-खोतला सगळा जीव तिथे असतो. जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, जाडी ९ ते १० सेंटिमीटर. सागवान किंवा बाभळीचा, रंधा मारून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेला, वरचं तोंड गोल घासलेलं. जमिनीत किमान दोन ते अडीच फूट जाऊ द्या आणि पुरायचा भाग डांबरात बुडवून काढा, नाहीतर वाळवी लागते आणि खांब मातीच्या पातळीवर, जिथे दिसत नाही तिथेच, कुजतो. मुलगा पूर्ण वेगात येऊन एका हाताने खांब धरतो आणि त्याभोवती झुलून पलीकडच्या धावकाला मारतो. त्या क्षणी सगळं वजन त्या कुजक्या जागेवर येतं. दुसरा धोका काँक्रीटचा. खांब हलू नये म्हणून गवंडी भोवती काँक्रीटचा ओटा करतात आणि तो जमिनीच्या बरोबरीला आणतात. सूर मारणाऱ्याची हनुवटी आणि गुडघा तिथेच आपटतो. काँक्रीट भरायचंच असेल तर ते वीतभर खाली थांबवा आणि वर मातीच घाला. सगळ्यात चांगलं म्हणजे जमिनीत लोखंडी पाइपाचं म्यान बसवा, त्यात खांब घट्ट बसेल असा, आणि पावसाळ्यात किंवा कार्यक्रमाला काढून ठेवा. खांबाभोवती पायांच्या गिरकीने आठवड्यात वाटीसारखा खळगा पडतो. तो दर शनिवारी ओल्या मातीने भरून धुम्मसाने ठोकायचा. तसेच आठ खळगे पाट्यांच्या चौकोनांत पडतात, कारण बसलेला मुलगा चवड्यावर असतो आणि उठताना बोटांनी माती उकरतो. पावसाचं पाणी आधी या दहा जागी साचतं. मग लोक म्हणतात, मैदानावर चिखल होतो.

या मैदानावर शिकवायचं काय, हेही थोडक्यात. खो-खोत लहान शाळा हरतात त्या बहुधा वेगामुळे नव्हे, फाउलमुळे. ‘खो’ मिळण्याआधीच बसलेला मुलगा अर्धवट उठतो, किंवा खो देणारा हात लावल्यावर उशिरा ओरडतो, किंवा एकदा दिशा घेतल्यावर खांदा मागे वळवतो. उपाय कंटाळवाणा आहे: रोज दहा मिनिटं, फक्त बसून उठणं आणि पहिलं पाऊल. स्पर्श आणि आरोळी एकदम. धावणाऱ्यांना साखळी आधी शिकवा, म्हणजे दोन बसलेल्यांच्या मधून एकेक करत नागमोडी जाणं, आणि मग गोल, म्हणजे काही बसलेल्यांभोवती वळसे घेत राहणं. एका वेळी मैदानात उतरणाऱ्या तीनच्या तुकडीतला शेवटचा धावक सर्वांत थंड डोक्याचा ठेवा. वेगवान मुलगा बऱ्याचदा स्वतःच्याच वेगाने पाटी चुकतो.

कबड्डीला माती अजून मऊ हवी. चाळलेली माती, लाकडाचा भुसा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून वरचा थर करायची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, एका अटीवर. शेणखत आलं म्हणजे धनुर्वाताचा धोका आला. खरचटलेल्या गुडघ्याला माती किंवा हळद चोळून खेळायला पाठवायचं, हे त्या काळाचं वैशिष्ट्य म्हणून कौतुकाने सांगितलं जातं. ते बंद करा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, आणि संघातल्या प्रत्येक मुलाला १० व्या आणि १६ व्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस मिळाली आहे का, ते जून महिन्यातच बघायचं. राष्ट्रीय लसीकरणात ती मोफत आहे.

इथेच सांगून टाकतो की आम्ही त्या दिवसांना सोनं मानत नाही. सराव चालू असताना पाणी प्यायचं नाही, ही शिस्त समजली जायची. त्यात मुलं चक्कर येऊन पडायची. मुलींचा संघ अनेक शाळांत नावापुरता असायचा. अनवाणी खेळणं ही बहुतेकांची निवड नव्हती. छडीचा तर विषयच नको. जे चांगलं होतं ते वेगळंच होतं: शाळा सुटायच्या आधीचा शेवटचा तास मैदानावर, रोज, सगळ्यांसाठी, आणि त्या तासाचं उत्तरदायित्व असलेला एक शिक्षक.

त्या शिक्षकाबद्दल. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत कवायत आणि खेळ शिकवणारी माणसं शाळांना मिळावीत म्हणून ठरवून प्रयत्न झाले. कांदिवलीचं शारीरिक शिक्षणाचं सरकारी महाविद्यालय तर त्याही आधीपासूनचं. १९५४ मध्ये जनरल जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली आणि तिचे प्रशिक्षक शाळाशाळांत गेले. आज अनेक हायस्कुलांत क्रीडाशिक्षक निवृत्त झाला की ती खुर्ची रिकामीच राहते, नाहीतर तो माणूस असतो पण भूगोलाचे तास, सर्वेक्षणं आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी यांत वाटला गेलेला असतो. पदमान्यता तुमच्या हातात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. वेळापत्रक तुमच्या हातात आहे. शारीरिक शिक्षणाचा तास दहावीच्या जादा तासाला देऊन टाकण्याचा निर्णय शिक्षण खातं घेत नाही, तो शिक्षकांच्या खोलीत होतो.

मुलींचा सराव बसत नाही याचं कारणही तिथेच आहे. वाडीवस्तीवरून येणाऱ्या मुलींना शेवटची एस.टी. गाठायची असते. साडेपाचची गाडी असेल तर पाच वाजताचा सराव म्हणजे सराव नाहीच. सकाळी शाळेआधी पाऊण तास ठेवा, किंवा आठवड्यातले तीन दिवस शेवटचे दोन तास जोडून द्या. पालकांना लेखी कळवा की मुलगी किती वाजता मोकळी होईल. आणि कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली, पाणी असलेलं स्वच्छतागृह. हे नसेल तर मैदान कितीही चांगलं करा, आठवीनंतर मुली यायच्या थांबतात. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली आणि पुरुषांनी प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अभिनंदनाचे फलक तुमच्याही चौकात लागले असतील. त्याच चौकातल्या शाळेत मुलींना खो-खोसाठी वेळ आहे का, ते एकदा वेळापत्रकात बघा.

तो विश्वचषक मॅटवर झाला, हे तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर आहे, आणि मॅटला आमचा विरोध नाही. पण मॅट ही बंदिस्त सभागृहाची वस्तू आहे. उघड्यावर ती एप्रिलमध्ये तापते, पावसात खालून ओल धरते, आणि खालची जमीन सपाट नसेल तर जोड उघडतात. उघडलेल्या जोडात बोट अडकलं की नख जातं, घोटा मुरगळतो. सभागृह नसताना मॅट घेतली तर ती एका वर्गात गुंडाळून राहते आणि तपासणीच्या दिवशी अंथरली जाते. ज्यांच्याकडे सभागृह आहे त्यांनी जरूर घ्यावी आणि मुलांना बुटांची सवय लावावी, कारण मातीवर पाय घसरत थांबतो आणि मॅटवर जागीच थांबतो. नव्या मुलाचा गुडघा तिथेच दुखावतो. जिल्ह्याला मॅटवर खेळायचं असेल तर दोन आठवडे आधी जवळच्या क्रीडा संकुलात चार-पाच वेळा नेऊन आणा. बाकी वर्षभर माती पुरेशी आहे.

पेव्हर ब्लॉकवर मात्र काहीच होत नाही. सूर मारता येत नाही, पकड करता येत नाही, लंगडी घातली तर टाच बधिर होते. ब्लॉक एकसारखे बसत नाहीत, दोन वर्षांत कडा वर येतात. दुपारी ते इतके तापतात की अनवाणी मूल उभंही राहू शकत नाही. गाड्या लावायला मात्र उत्तम, आणि म्हणूनच ते टाकले जातात, असा आमचा संशय आहे.

मैदान भाड्याने देण्याबद्दल एक विनंती. लग्न, सभा, प्रदर्शन यांना मैदान देऊन शाळेला पैसे मिळतात, ते बंद करा असं म्हणणं आमच्या तोंडी शोभणार नाही. पण मंडपवाला फूट-दीड फूट खड्डे काढतो आणि जाताना पायाने माती लोटून जातो. पहिल्या पावसात ती माती बसते, वर गवत उगवतं आणि खड्डा दिसेनासा होतो. घोटे मुरगळण्याचं हे फार मोठं कारण आहे. अटीच घाला: खणायचं नाही, खांब वाळूच्या पिंपांत उभे करायचे, ट्रक मैदानावर आणायचा नाही, कारण ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळली की दगड होते, आणि अनामत रक्कम मैदान बघितल्यावरच परत. कार्यक्रमानंतर दोरीला मोठं लोहचुंबक बांधून पूर्ण मैदानावर ओढत न्या. किती खिळे निघतात ते पाहून तुम्हीच पुढच्या वेळी अनामत वाढवाल. रस्त्याकडेच्या बाजूला दुकानगाळे काढायचा विचार असेल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलं पाहिजे त्या यादीत खेळाचं मैदान आहे, तेही आधी वाचा.

ज्यांच्याकडे ४५ गुंठे आहेत त्यांच्यासाठी धावमार्ग. ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या. प्रत्येक खुंटीवरून १८.८० मीटरच्या तारेने बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ. दोन्ही अर्धवर्तुळं ४० मीटरच्या सरळ रेषांनी जोडली की आतली कड तयार. धावणारा कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून पळतो असं धरल्यावर पूर्ण फेरी २०० मीटर भरते. तारेत दहा सेंटिमीटरची चूक झाली तर फेरीत ६३ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून खुंटी हलू देऊ नका. पट्टा १.२२ मीटर रुंद. पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या पट्ट्याचा धावक ७.०४ मीटर पुढे उभा राहतो, तिसऱ्याचा १४.७०, चौथ्याचा २२.३७. क्रीडामहोत्सवांत सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करून पट्ट्यातूनच पळायला लावलेलं दिसतं. चौथ्या पट्ट्यातली मुलगी मग बावीस मीटर जास्त पळून शेवटची येते आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू रोज सकाळी खोऱ्याने उकरा आणि थोडी भिजवा, तिची पातळी धावपट्टीच्या बरोबर ठेवा. रात्री वर ताडपत्री टाका, गावातली मांजरं त्या वाळूची वाटच बघत असतात. व्हॉलीबॉलचं जाळं मुलग्यांना २.४३ आणि मुलींना २.२४ मीटरवर असतं, पण आठवीच्या मुलांना ते खाली बांधून द्यायला लाजू नका. मल्लखांब असेल तर तो एरंडेल पाजून उभा ठेवा, आडवा पडला की तडकतो.

वर्षभराचं सामान एका लोखंडी पेटीत मावतं: पोलादी टेप ५० मीटरची, बारा खुंट्या, हातोडी, दोन शिट्ट्या, दोन स्टॉपवॉच, फक्कीची दोन पोती, पंप आणि त्याच्या सुया, दोन चेंडू, बांबूच्या २८ ते ३० सेंटिमीटरच्या चार रिले काठ्या, प्रथमोपचाराची डबी. पेटीची किल्ली शिपायाकडे आणि एका विद्यार्थ्याकडे, दोघांकडे. ती फक्त मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिली तर पेटी असून नसल्यासारखी.

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी राज्य क्रीडा दिन साजरा होतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं कांस्य सगळ्यांना पाठ असतं. ते कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते, म्हणजे तुमच्यासारख्याच तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कूलचे. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर मैदानाची मोजणी करून घ्या: किती गुंठे, कुठे पाणी साचतं, खांब हलतो का, वेळापत्रकात किती तास. तो कागद शालेय समितीच्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर पहिला ठेवा आणि माजी विद्यार्थी संघालाही त्याची प्रत द्या. निधी कशाला द्यायचा हे त्यांना कुणी विचारतच नाही, म्हणून ते कमानीला हो म्हणतात.

वेळेचं गणित असं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोटेशन आणि रॉयल्टीचे कागद. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपल्या की काळी माती उचलायची. मेमध्ये मुरूम आणि वरचा थर, जून उजाडायच्या आत पहिला रोलर. पहिल्या पावसाने थर बसेल, तेव्हा खळगे भरून दुसरा रोलर. जुलैमध्ये आखणी. ऑगस्टमध्ये मुलं मैदानावर. पुढे दरवर्षी दिवाळीच्या सुटीत दोन सेंटिमीटरची भर, म्हणजे चार-साडेचार ब्रास. हे मेनंतर सुरू केलं तर सगळा मुरूम गटारात जाईल, तेव्हा घाईने जूनमध्ये काम काढू नका, सरळ एक वर्ष थांबा. पण थांबताना ब्लॉकची ऑर्डरही थांबवा.

आखणीसाठी किंवा खांब बसवताना माहीतगार माणूस हवा असेल, तर तुमच्या तालुक्यात आमच्यापैकी कुणीतरी निवृत्त क्रीडाशिक्षक असणारच. शिपायाला विचारा, त्याला घर माहीत असतं. मानधन नको. टेप आणि तार आम्ही आणू. चार मुलं, पाण्याचा पिंप आणि सकाळचे दोन तास तुमचे.

कळावे,

आपले,
काही निवृत्त क्रीडाशिक्षक